घडीचा आस

रात्री साडेबाराला गुलाब मडावीनं शटर बडवलं.
"उठ ना गा. पिन अडकली."
मला वाटलं विहिरीवरच्या पंपाची. म्हटलं, सकाळी ये.
"पंपाची नाही बे. हत्तीची."

मारेगाव रोडला, नाल्याच्या अलीकडं,
तुरीच्या वावराला अंग टेकून उभा होता तो.
ऐंशी टनांचा ट्रान्सफॉर्मर, ताडपत्रीवर माघाचं दव,
खाली ट्रेलर, आठ आस,
आणि शेपटाकडं, गुडघे पोटाशी घेऊन
निजलेल्या माणसासारखा
घडी घातलेला जोड. त्यात आणखी दोन.

पुलाचा हिशोब ठेंगडी साहेबांच्या डायरीत होता.
ट्रेलरचे वीस धरून शंभर.
आठानं भागलं तर साडेबारा. दहानं भागलं तर दहा.
पुलाला दहा सोसतात.
साडेबारा सोसतील का, हे पुलाला विचारता येत नाही.
तो एकदाच सांगतो.

घडी उलगडली. जोड खाली आला,
चाकांनी काळी माती जराशी दाबून पाहिली.
पण तेवढ्यानं भागत नव्हतं.
सरकत्या पट्टीला तीन भोकं: जवळचं, मधलं, लांबचं.
पुलाच्या कमानी आखूड,
सगळ्यांनी एकाच कमानीवर पाय द्यायचा नाही.
म्हणून लांबचं हवं,
आणि पिन मधल्यात बसलेली,
पंगतीत रुसलेल्या जावयासारखी.

रॉकेल ओतलं. घण मारला. घणच उडाला.
मग गॅस पेटवला आणि पिनेला सोडून
भोकाभोवतीचं लोखंड शेकत बसलो.
हे बापाचं.
बाप वाढई होता. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करून
चाकावर चढवायचा. म्हणायचा,
अडकलेल्याले नोको मारू, अडवणाऱ्याले फुगव.

शाळेत मास्तरांनी विचारलं होतं, आस म्हणजे?
मी म्हटलं, ज्यावर बंडीचं चाक फिरते थे.
मास्तरांनी लाल शाईनं खोडलं. लिहिलं: इच्छा.
घरी येऊन दोन दिवस मी
बापाच्या रंध्याकडं संशयानं पाहत होतो.

तीनच्या सुमारास पिन सुटली
आणि तुरीत जाऊन पडली.
वाकडी झाली होती. नवी गुलाबकडं होतीच,
पेपरात गुंडाळलेली, वंगण लावलेली,
बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवासारखी जपलेली.
जोड मागं सरकला. लांबच्या भोकात पिन बसली.
आवाज आला. एकच. मोठा नाही.

मग पूल.
जब्बारभाईंनी गाडी इतकी हळू घेतली
की नाल्यातलं बेडूक थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.
गुलाब मागच्या चाकाशी, लाकडी ठोकळा हातात.
त्याच्या मागे मी, काही काम नसताना.
ठेंगडी साहेब खाली उतरले, थेट कमानीखाली,
टॉर्च वर धरून.
"साहेब, खाली काहून?"
म्हणाले, "हिशोब माझा आहे."
पुढं कुणी बोललं नाही.

पहिला आस. दुसरा. मी सातव्यापर्यंत मोजले,
मग चुकलो, मग फक्त पाहत राहिलो.
शेवटचे दोन, ते लांबचे, आले तेव्हा
पुढचे कधीच पलीकडच्या डांबरावर होते.
पुलानं काही सांगितलं नाही.
साहेब वर आले. पँटीला कुसळं. मला चहा मागितला.
रात्री तीनला मी कुठून आणणार चहा.

आठ दिवसांनी ट्रेलर परत गेला, भर दुपारी, रिकामा.
कापूस वेचणाऱ्या बायांनी कंबर सरळ करून पाहिलं.
जोड पुन्हा घडी होऊन वर,
त्याची चाकं हवेत, वाऱ्यानं किंचित फिरणारी,
रस्त्याशी काही देणंघेणं नसल्यासारखी.
आणि त्यावर गुलाब, संत्रं सोलत.
"बिल?" मी ओरडलो.
त्यानं एक फोड दाखवली आणि तोंडात टाकली.

वाकडी पिन माझ्याकडं आहे.
शटरला आडवी लावतो.
रात्री कुणी बडवलं
तर माझ्या आधी तीच उठते.