खोटा शेवट

हडर्सफील्डला, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी,
चॅपेलच्या जुन्या हॉलमध्ये
मी टाळी वाजवली.
एकट्यानेच.

तोवर अठरा मिनिटं झाली होती.
गाणारा केव्हाच कडेला जाऊन
एका खोक्यावर चहा पीत बसलेला,
शब्दांचं आता काही काम नव्हतं.
कीबोर्डवाला सत्तरीचा, चष्मा नाकावर घसरलेला,
दोन हात दोन वेगळ्या मजल्यांवर,
आणि ड्रमर तेरा मात्रांत असा काही चालत होता
की दर फेरीला एक पाऊल जिन्याबाहेर पडावं
आणि तरी जिना संपू नये.

शेजारी ग्लेनिस हार्डकासल,
मांडीवर वही, तोंडात पेन्सिल.
लीड्स, अठ्ठ्याहत्तर : एकोणीस मिनिटं.
हल, एक्याऐंशी : साडेएकवीस, गिटारची तार तुटली.
बार्न्सली : तारीख नाही, नुसतंच ‘बाई गं!’
पोटांवर ताणलेले जुन्या दौऱ्यांचे टी-शर्ट
माना खाली घालून मोजत होते,
कुणी बोटांच्या पेरांवर,
कुणी पुढच्या माणसाच्या पाठीवर,
आणि पुढच्याची काही हरकत नव्हती.

मग एका ठोक्यावर सगळं थांबलं.
मला वाटलं, सम.
मला वाटलं, संपलं.
टाळी हातातून निसटली,
भर पंगतीत ताट पडावं तशी.

चारशे माणसं श्वास धरून.
कुणी हसलं नाही, कुणी वळलंही नाही.
ग्लेनिसनं तोंडातली पेन्सिल काढली
आणि माझ्या मनगटावर हात ठेवला,
ताप बघतात तसा.
त्या हाताखाली मी मोजत राहिलो :
नऊ, दहा, अकरा,
बाराव्याला बेस आला, जमिनीतून,
तेरावी रिकामी,
आणि एकवर सगळे!
अख्खा हॉल असा ओरडला
जणू ते परत येतील याची
पन्नास वर्षांत एकदाही खात्री नव्हती कुणाला.

बाहेर बसथांब्यावर, व्हिनेगरनं ओल्या झालेल्या
चिप्सच्या पुड्यात बोटं घालत ती म्हणाली,
मीही तिथंच पडले होते, लीड्सला.
एल्विन तेवढा वळून बघत होता.
नंतर आमचं लग्नच झालं.

वहीत शहाण्णवपर्यंत एक अक्षर आहे, तिरकं, घाईचं.
पुढे दुसरं.
मी काही विचारलं नाही.

बस आली तेव्हा तिनं आजची ओळ दाखवली :
हडर्सफील्ड. बावीस मिनिटं, दहा सेकंद.
एक टाळी.