कोरे खिळे

रात्रीचे पावणेबारा. खाली दांडिया बाजारात
शेव-उसळवाल्यानं पातेलं घासून पालथं घातलं.
मी एंटर दाबते
आणि ओळ पळते.
चार घरं आत हवी होती, आठ गेली.
ओढून आणली, पुढच्या एंटरला सहा.
सहा कुणी सांगितली?

एका प्लगिनला वाटतं, कोलन आला की ओळ आत घ्यायची.
दुसऱ्यालाही तेच वाटतं.
दोन्ही बरोबर आहेत, हीच पंचाईत.
एकाच नवरीला दोन मामांनी बोहल्यावर चढवावं
आणि तिनं पलीकडून खाली पडावं,
तसं चाललंय तासभर.

या भाषेत मोकळ्या जागेची थट्टा चालत नाही.
एक घर चुकलं की सगळा हिशेब जागीच बसतो,
आणि पाणीपट्टीची अकरा हजार बिलं
सकाळी निघायची आहेत.

पहिलं बंद केलं. पळते.
पहिलं चालू, दुसरं बंद. पळते.
दोन्ही बंद केली
तरी ओळ आठ घरं आत जाऊन बसली,
घरात कुणी नसताना
पंखा फिरत असावा तशी.

आप्पा पाणी प्यायला उठले होते.
‘काय शोधतेस?’
‘रिकाम्या जागा.’
ते हसले नाहीत. खुर्ची ओढली.
रावपुऱ्यातल्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
त्यांनी खिळे जुळवलेत.

मोकळ्या जागा दिसाव्यात म्हणून एक बटण असतं, ते दाबलं.
जागांचे झाले बारीक ठिपके,
टॅबचे बाण.
‘हे तर आमचे क्वाड,’ आप्पा म्हणाले.
‘कोरे खिळे. उंचीला जरा कमी, म्हणजे शाई लागत नाही.
पण शिसं ते शिसंच.
खिशात चार राहिले की घरी येईपर्यंत कळायचं.’

बाण तीनच होते, फाइलच्या अगदी तोंडाशी.
ध्वनित पंड्याच्या हातचे. तो आता ऑकलंडला असतो.
आणि एक तिसरं प्लगिन, ज्याचं नावही मी विसरले होते,
फाइलचं तोंड बघून अंदाज बांधत होतं:
या घरची रीत बाणांची दिसते.
गरीब बिचारं. कुणी विचारलं नव्हतं त्याला.

‘पत्रिका असायच्या,’ आप्पा सांगत होते,
मी अर्धंच ऐकत होते,
‘मराठी वर, गुजराती खाली.
आपलं अक्षर रेघेला टांगलेलं, त्यांचं उघड्या डोक्याचं.
पण डावीकडून दोघांना सारखंच आत घ्यायचं.
शेठ म्हणायचे दोन क्वाड, मशीनवर जयंतीभाई म्हणायचा दीड.
मी लावायचो, तो काढायचा.’
‘मग?’
‘मग काय. एका गॅलीवर फोरमन एकच.
दुसऱ्याला चहा पाजायचा.’

अंदाज बांधणाऱ्याला बंद केलं.
दुसऱ्याला लिहून दिलं:
एंटरला हात लावू नकोस, बाकी घर तुझं.
बाणांचे ठिपके केले,
करताना ध्वनितला कळवावंसं वाटलं उगाच,
नाही कळवलं.

एंटर.
चार.
पुन्हा एंटर. चार.
आप्पा स्क्रीनशी वाकून बघत राहिले,
अंगठा तर्जनीवर सरकत होता,
एक, दोन.
‘उलटं वाचायची सवय,’ म्हणाले,
‘सरळ असलं की वेळ लागतो.’

ते झोपायला गेले. बिलं निघायला लागली.
ठिपके मी बंद केले नाहीत.