लाभ

आडतीवर पहिलं माप 'एक' नसतं.
अप्पा म्हणायचे, 'लाभ'.
मग दोन, मग तीन, सूर लावून.
उदगीरच्या मोंढ्यात चार दुकानांपलीकडूनही
कळायचं, मन्मथअप्पा मोजायलेत.

तुरीच्या थप्पीवरून पडले ते पोळ्याच्या आदल्या दिवशी.
रक्त फार नव्हतं. उठून बसले,
पाणी मागितलं,
पाण्याला 'पायतण' म्हणाले.
आम्ही हसलो.
ते हसणं आता कुठं ठेवावं, कळत नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली.
डाग दोन होते. मार इकडं लागला,
मेंदू पलीकडंही आपटला,
पोतं टाकलं की धान्य पल्याड सरतं तसा.
तेवढ्यात गेलं :
कडता, हमाली, तोलाई,
बाराशे पोत्यांचा तोंडी हिशोब
आणि माझ्या धाकट्या भावाचं नाव.

'शंभरातून सात वजा करा.'
'त्र्याण्णव.'
'आणखी सात.'
अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं,
दुसऱ्यांदा उधारी मागणाऱ्याकडं पाहावं तसं.
'आणखी कामून? एकदा केलं की.'

घड्याळ काढायला लावलं
तर बाराही आकडे उजवीकडं दाटले,
भुरभुर सुरू झाल्यावर पत्र्याखाली हमाल दाटतात तसे.
डावीकडं मोकळं अंगण.
जेवतानाही डावीकडची भाकरी तशीच राहते.
आई काही बोलत नाही,
ताट फिरवते.

चिडतात आता.
उभ्या जन्मात हमालाला शिवी दिली नाही,
परवा सदऱ्याच्या काजाला दिली.
मग त्याच सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले
आणि कशाला पुसले ते विसरले.

मंगळवारी त्यांना मोंढ्यात नेलं.
वीरभद्र आडत्यानं मूठभर सोयाबीन हातावर ठेवलं,
थट्टेनं की मायेनं, कोण जाणे.
अप्पांनी अंगठ्यानं दाणा दाबला,
दाताखाली धरला.
'ओल आहे. दोन दिवस ऊन दाखवा.'
मशीननं मागून सांगितलं, चौदा.

हमाल बघतच राहिले.
मला वाटलं, हात शाबूत आहे
तर हाताला धरून बाकीचंही येईल.
मी ढिगापाशी बसले, पायलीनं माप टाकलं.
'लाभ,' अप्पा म्हणाले, तोच सूर.
दुसरं टाकलं.
'लाभ.'
तिसरं.
'लाभ.'

दिवे लागेपर्यंत आम्ही दोघं तिथंच.
पोतं गळ्यापर्यंत भरलं,
दोन काही झाले नाहीत.