तुटक्यांची बशी

कागद सापडला शिवणाच्या डब्यात,
बटणांखाली, चार घड्या घातलेला.
मैदा तीस डेका, लोणी वीस, साखर दहा.
दोन बलक. लिंबाची साल.
आणि तळाशी तुझ्या आईचं वळणदार अक्षर:
बाकी तुला ठाऊकच आहे.

तुला होतं, यार्मिला.
मला कुठे?
एकतीस वर्षं यिह्लावाच्या कारखान्यात लेथवर उभा होतो,
मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला
की नग भंगारात.
आणि इथे सगळं अंदाजपंचे.
लोणी किती थंड? पीठ किती वेळ मळायचं?
भट्टी किती तापवायची?
कागद गप्प. तूही.

खालच्या मजल्यावरच्या हेडविकाबाईंना विचारलं.
वास आला की काढायचं, म्हणाल्या.
कसला वास?
अहो, डिसेंबरचा.

पहिला घाणा करपला.
दुसरा फिका, आजारी माणसाच्या तळव्यासारखा.
तिसऱ्या वेळी दिवा मालवून
भट्टीपुढे स्टुलावर बसलो, काचेला नाक लावून,
तेव्हा कुठे दिसलं, कडा कशा लाल होत येतात:
बर्फातून घरात आल्यावर
तुझे कान व्हायचे तशा.

वरच्या चकतीला भोक पाडायला
तू अंगुस्तान वापरायचीस.
मी ते बोटात घालून पाहिलं.
करंगळीच्या नखापाशीच अडलं.
एवढ्याशा बोटांनी तू
कोळशाच्या बादल्या वाहिल्यास, राडेकला वाढवलंस,
माझ्या आईला शेवटची दोन वर्षं
कुशीवर वळवत राहिलीस.

जॅम तुझाच. अंगणातल्या रिबीझचा, आंबट, लालभडक.
तळघरात तीनच बरण्या उरल्यात,
चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात: जुलै.
झाकण निघेना. शिव्या घातल्या, गरम पाण्यात धरली,
मग टक् झालं
आणि त्या जुलैतली थोडीशी हवा
बाहेर आली.
बराच वेळ मी काही केलं नाही.

मग जोड्या लावल्या.
खालच्या चकत्या बावन्न, वरच्या पंचेचाळीस.
हिशेबात मी चुकत नाही.
सात चाखण्यात गेल्या असणार.

ही लगेच खायची नसतात, एवढं मात्र मला ठाऊक होतं.
दहा दिवस थंड कोठीत
जॅम आतल्या आत मुरू द्यायचा,
तोवर ती दातांशी भांडतात.
म्हणून तर तू डबे लपवायचीस:
कपाटावर, इस्त्रीच्या चादरींमागे,
एकदा चक्क कपडे धुण्याच्या यंत्रात.
मला सगळ्या जागा माहीत होत्या.
मला माहीत आहेत हे तुला माहीत होतं.
कुलूप तू कधीच लावलं नाहीस.

आणि तडकलेल्या, कोपरा उडालेल्या, जोडीदार नसलेल्या
निळ्या काठाच्या बशीत, माझ्यासाठी.
एक्केचाळीस डिसेंबर.
एकदा मी फुगूनच म्हणालो,
पाहुण्यांना चांगल्या, मला तेवढं उरलंसुरलं.
तू हात पुसत म्हणालीस,
अरे वेड्या, तुटकी तेवढी आज खाता येतात.
बाकी सगळ्यांना थांबावं लागतं.

राडेक आणि त्याची मुलं चोवीसला येतील.
त्यातल्या त्यात सरळ होत्या त्या निवडून डबा भरला,
कपाटावर ठेवला, डोळे मिटून,
म्हणजे कुठे ठेवला ते मला कळू नये.
(डावीकडे. जुन्या टोप्यांच्या मागे.)

बशी टेबलावर आहे.
गच्च भरली आहे, यार्मिला,
यंदा माझा वाटा फार मोठा झाला.
एक मघाशी खाल्ली. जॅम पातळ, तळ जरा करपट.
लिंबाची साल विसरलो, ते आत्ता लक्षात आलं.
दुसरी हातात आहे.

आज तारीख चौदा.