रिकाम्या गाडीचं वजन

रात्री पावणेबाराला फोन लुकलुकला.
मटकी भिजत घालत होते, एक हात ओला.
मंजुरी मिळाली.
फुप्फुसं दगडी होत जाणाऱ्यांसाठी,
दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
खाली डॉक्टरांच्या गटात टाळ्या, अंगठे,
आणि नालासोपाऱ्याच्या एका जुन्या मित्राचा एकच शब्द: किंमत?

मी आलेख उघडला.
दोन रेघा, एकाच ठिपक्यातून निघालेल्या,
बाराव्या आठवड्यापर्यंत बहिणींसारख्या बिलगून,
मग एक सावकाश उतरते, दुसरी झपाझप.
वर्षाअखेर दोघींत अंतर
एकशे दहा मिलिलिटर.
कटिंगच्या ग्लासात मावेल इतका श्वास.
घट थांबत नाही, मंदावते,
हे तक्त्याखाली होतं, मुंगीच्या अक्षरांत.

सकाळी परळच्या ओपीडीत
कंपनीचा निनाद फाइल घेऊन आधीच उभा.
कव्हरवर डोंगर चढणारं पांढऱ्या केसांचं जोडपं.
आमचे पेशंट पुलाच्या जिन्यावर तीनदा बसतात.
लिव्हरचं काय, मी विचारलं.
पान नऊ, मॅडम.
पान नऊ तसं प्रामाणिक होतं.

मग शर्मीनने यादी आणली.
दोन वर्षं आम्ही ठरवून आंधळे होतो,
मी, ती, आणि ज्यांच्या पोटात गोळ्या जात होत्या ते सगळे.
आता प्रत्येक क्रमांकापुढे अक्षर उमटलं होतं.
क्रमांक अकरा, पुंडलिक केणी, वडाळा.
पिठाची गोळी.

पिठाची.
आणि त्यांच्या कागदावर माझ्याच हस्ताक्षरात:
पेशंट म्हणतो, जरा बरं वाटतंय.
रिकामी पाकिटं रबरबँड लावून परत आणायचे,
एक गोळी चुकवली नाही.

केणी आले. नाकात नळी, मागे सून सिलिंडर ओढत.
ट्रक टर्मिनलजवळच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं काढलेला माणूस.
मी सांगितलं. तीनदा जुळवलेलं वाक्य,
तरी मध्येच मोडलं.
ते पंख्याकडे बघत राहिले,
मग चार शब्दांमागे एकदा थांबत:
"म्हणजे मी रिकामी गाडी."

मला कळलं नाही.

"गाडी आधी रिकामी काट्यावर घ्यायची, बाई.
मग माल भरून.
पहिली पावती नाय
तर दुसरीला काय अर्थ?
ड्रायव्हर कटकट करायचे,
डिझेल जाळून रिकामं कशाला यायचं म्हणून."

सुनेला हे काही पटलं नव्हतं.
तिचा राग जागच्या जागी होता,
मी त्याला हात लावला नाही.
आता खरी देणार ना, ती म्हणाली. कितीला?
मी महिन्याचा आकडा सांगितला.
तिने सिलिंडरचा नॉब उगाच तपासला.

शर्मीन ट्रस्टचे तीन फॉर्म भरायला बसली.
जुन्या सहभागींना औषध देण्याबद्दल
कंपनीच्या पत्रात एकच शब्द आहे, विचाराधीन.
तो मी मोठ्याने वाचला नाही.

केणींनी चष्मा लावून आलेख मागितला.
खालच्या रेघेवर बोट ठेवलं.
"ही आमची?"
हो.
नखाने ती हळूहळू शेवटापर्यंत नेली,
आणि कागद संपला तिथून पुढे
टेबलावर आणखी थोडी.