सुभद्राबाईंचं पातेलं

एअर फ्रायरला जागा हवी म्हणून
ओट्याखालचं कपाट उपसायला घेतलं.

निघाले लग्नांतले डबे, न उघडलेले,
कुणाच्या वास्तुशांतीचे, कुणाच्या सेवानिवृत्तीचे,
सहा कपांचे चार संच,
एक टोस्टर, वायर अजून
दुकानातल्या चिमट्यातच गुंडाळलेली.
आणि सगळ्यांमागे, भिंतीला पाठ लावून,
कल्हई उडालेलं पितळी पातेलं.
कडेवर ठिपक्याठिपक्यांनी:
सौ. सुभद्रा तोताराम बडगुजर, पारोळे. १२-५-७८.

आम्ही बडगुजर नाही.

अमळनेरला भांडेबाजारात इद्रिसभाई पायरीवर बसायचा,
गुडघ्यात भांडं, हातात छिन्नी.
अक्षराला पाच पैसे, वेलांटी फुकट.
पैसे वाचावेत म्हणून आईनं आमच्यावर
नुसतं ‘गो. वाणी’ टाकून घेतलेलं.
नाव कशाला टाकायचं, मी विचारलं होतं.
म्हणाला, घराबाहेर जाता यावं म्हणून.

मांड्यांचं खापर गल्लीत एकच होतं.
कुणाच्या डोक्यावरून कुठल्या दारात शिरलं
त्यावरून कळायचं, आज पाहुणे कुणाकडे.

आता माझ्या एकाही भांड्यावर नाव नाही.
कुठे जातात ती?

पारोळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर आठवलं,
भांडं रिकामं परत करू नये.
घर शिगोशीग भरलेलं, आणि मी निघालो होतो
रिकामं पातेलं घेऊन.
समोरच्या टपरीवरून पाव किलो गूळ घेतला.

सुभद्राबाई सापडल्या. दोन खोल्या,
त्यांतली एक फ्रिजच्या, कूलरच्या, टीव्हीच्या खोक्यांची;
खोकी टाकवत नाहीत म्हणे.
त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, एकेका ठिपक्यावरून,
वाचता येत नसल्यासारखं.
‘सासू म्हने, माहेरले दी टाकं.
मरेपर्यंत म्हने.’
मग बराच वेळ काही नाही. वर पंखा.

पातेलं कुठे ठेवू, मी विचारलं.
त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
‘जागा कोठे शे आते?’

गूळ त्यांनी काढून घेतला,
पातेलं पदरानं पुसलं,
काठोकाठ बिबड्या भरल्या, वर वर्तमानपत्र बांधलं.
बसमध्ये ते मांडीवर होतं,
प्रत्येक खड्ड्याला आत कुरकुरत.

बिबड्या संपत आल्यात.
एअर फ्रायर अजून खोक्यातच आहे.
पातेलं मात्र ओट्यावर, समोर दिसेल असं ठेवलंय:
दुसऱ्याचं आहे,
द्यायला जायचंय.