पाव इंच

बुधवारी आम्ही डबा आणत नाही.
मी आणि फिलू, लेखा खात्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या,
एक वाजून पाच मिनिटांनी जिना उतरतो,
अठरा जून रस्त्याच्या सावलीच्या कडेने चालतो
आणि त्या काचेच्या दुकानात शिरतो
जिथे पाव इंचांवर मिळतो.

सहा किंवा बारा.

इंचांशी फिलूचं सध्या वैर आहे.
म्हापशाच्या शिंप्याकडे तिचा गाऊन शिवून तयार,
मोरपंखी, एकुलत्या लेकीच्या लग्नासाठी,
आणि शिंपी म्हणतो, शिवणीत आता
पाव इंचसुद्धा ठेवलेला नाही, बाय.
मला गाऊन नाही.
मला बांबोळीचा रिपोर्ट आहे,
एका आकड्याखाली डॉक्टरणीने दोनदा रेघ मारलेला.

फळ्यावर किमती ठसठशीत,
आणि त्यांच्या पायाशी कॅलरी, मुंगीएवढ्या.
मुंग्या वाचायची आम्हाला सवय आहे,
एकोणतीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासलीत.
चीज वजा.
मेयोनेज वजा.
तो केशरी सॉस, ज्याचं नाव कुणालाच नीट घेता येत नाही,
तोही वजा.
शिल्लक पुढे ओढली.

पहिल्या बुधवारी फिलू ठाम होती: टुना.
नुस्तें म्हणजे नुस्तें, तिचं म्हणणं,
मासळी खाऊन कधी कोण फुगलंय?
दिवाडीला तिच्या घरातल्या चार पिढ्या
बांगड्यांवर वाढल्या, वल्ह्यासारख्या सडसडीत.
काउंटरमागच्या मुलाने, छातीवर नाव दिगंत,
डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं,
प्लास्टिकच्या हातमोज्यातला हात तोंडाशी नेला:
आंटी, टुना मत लीजिए. सबसे भारी वही है.

फिलूने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
आकडा तोच.
मेयोनेजमध्ये पार बुडालेली होती बिचारी,
पाण्यात जन्मून.
त्या दुपारी फिलूने एकही फाईल पुढे सरकवली नाही.

मग भाजलेली कोंबडी, तपकिरी पाव,
हिरवं असेल ते सगळं, आणि वरून व्हिनेगर.
नुसत्या त्या वासावर डोळे मिटून
फिलू सोरपोतेलपर्यंत जाऊन आली,
फुकट, बिनकॅलरीची.
मी काकडी मोजत बसले.
नऊ चकत्या. दिगंत असला की अकरा.

सकाळी सहाला आमच्या डिचोलीत
पदेराचा भोंपू वाजायचा, आणि मी पळत जायचे.
कुंड्याची पोय, अर्धी पाव, अर्धी हवा.
दाबली की ती हवा गरम तोंडावर यायची.
ती कुठल्याच फळ्यावर लिहिलेली नाही.
फिलूला सांगितलं तर म्हणाली, हवा खाऊनच तर
आपण दोघी इथवर आलो गो.

नोव्हेंबरात अर्धी रजा टाकून म्हापशाला गेलो.
गाऊन चढला. चेन चढली, थांबली, चढली.
शिंपी मागे सरून पाहत राहिला.
श्वास सोडला नाहीत तर बसतो, म्हणाला.
किती वेळ सोडायचा नाही?
आमेनपर्यंत, फिलू श्वास न सोडता म्हणाली.

बाहेर शुक्रवारचा बाजार.
चोरिसांच्या माळा दोरीवर लालभडक लोंबत होत्या,
आणि फिलू त्यांच्याखाली उभी राहून
सवयीने मुंग्या शोधत होती.

परवा दिगंत नव्हता. घरी गेला, आसामला,
परत येईल की नाही कुणी सांगितलं नाही.
नव्या पोराने सात चकत्या टाकल्या.
आमच्या मागे टोपीवाले एक म्हातारे,
हातात औषधांची पिशवी, फळ्याकडे न बघताच म्हणाले:
टुना. सहा इंच. हलकं काहीतरी बरं.

फिलूने डावीकडे पाहिलं.
उजवीकडे पाहिलं.
बाब, टुना नाका, ती कुजबुजली.

म्हातारे कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले.
पूण, म्हणाले,
तें नुस्तें न्हय?